महाडीबीटी शेतकरी पोर्टल: अनुदान मागाहून, खर्च अगोदर

'अर्ज एक, योजना अनेक' हे महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलचं ब्रीद. त्यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. ठिबक, तुषार, शेततळं, अस्तरीकरण, फळबाग, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, कांदाचाळ, बियाणं अशा कृषी विभागाच्या बहुतेक अनुदानांसाठी एकच खातं आणि एकच प्रोफाइल चालतं. पहिल्या अर्जाला 23 रुपये 60 पैसे लागतात. ऑनलाइन केंद्रावर शंभर-दोनशे मागितले तर वरचे पैसे केंद्रवाल्याच्या मेहनतीचे आहेत, सरकारचे नाहीत, एवढं माहीत असावं.

दुसरा भाग अर्धवट आहे. योजना अनेक आहेत, पण तुमच्या गटाला, म्हणजे जमिनीच्या तुकड्याला, त्यातली कोणती बसते हे पोर्टल सांगत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठे ठळक लिहिलेलीच नाही: इथला पैसा काम पूर्ण झाल्यावर, तपासणी झाल्यावर, निधी आल्यावर मिळतो. तोवरचा खर्च कुठून करायचा, हे पोर्टलच्या हद्दीबाहेर. म्हणून पोर्टलचं परीक्षण करताना बँकेच्या दारापर्यंत जावंच लागतं.

आधी प्रवेशाचं बघू. एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी अॅग्रिस्टॅक या डिजिटल शेतकरी नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला. हा 11 अंकी क्रमांक टाकला की आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि जमिनीची माहिती आपोआप भरली जाते. पूर्वी सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) प्रत्येक वेळी चढवावे लागत, ते काम बरंच कमी झालं. ही या सेवेतली खरी सुधारणा.

पण आयडी काढताना एखादा गट जोडायचा राहिला, तर तो पोर्टलवर दिसणारच नाही. दोन गावांत जमीन असलेल्यांचं हे हमखास होतं: राहत्या गावचे गट जोडले जातात, शिवेपलीकडचा तुकडा सुटतो, आणि शेततळं नेमकं त्याच तुकड्यात घ्यायचं असतं. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यांत फरक असला, किंवा वारसनोंद राहिलेली असली, तरीही अडतं. म्हणून अर्जाच्या आधी आयडीखाली किती गट आणि किती क्षेत्र दिसतं ते आठ-अशी ताडून पाहावं. डिजिटल सहीचा आठ-अ 15 रुपयांत निघतो. चूक निघाली तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे, जावं लागतं. पोर्टलवरून ती दुरुस्त होत नाही.

प्रोफाइल शंभर टक्के भरल्यावर 'अर्ज करा' मधून बाब, म्हणजे ठिबक, ट्रॅक्टर असं जे हवं ते, निवडायची आणि जतन करायची. इथं फार लोक फसतात. जतन केलं म्हणजे अर्ज गेला असं वाटतं, पण तो गेलेला नसतो. मुख्य पानावर येऊन 'अर्ज सादर करा' दाबायचं, बाबींना प्राधान्यक्रम द्यायचा, अटी मान्य करायच्या, शुल्क भरायचं आणि मग 'मी अर्ज केलेल्या बाबी' मध्ये तो दिसतो का ते पाहायचं. तिथं दिसला तरच गेला. पावती डाउनलोड करून ठेवावी.

पूर्वी निवड संगणकीय सोडतीने व्हायची. 2025-26 पासून 'प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य' हा नियम आला. सोडतीत चार-चार वर्षं नाव न लागणाऱ्यांची तक्रार रास्त होती, त्यामुळे बदल बरा म्हणायचा. त्याची दुसरी बाजू अशी की जिल्ह्याचा लक्षांक, म्हणजे किती लाभ द्यायचा तो आकडा, ठरलेला असतो, आणि ज्याला माहिती आधी मिळते, ज्याची कागदपत्रं तयार असतात, त्याचा नंबर वर राहतो. तेव्हा गरज पुढच्या उन्हाळ्याची असली तरी अर्ज आजच टाकावा. अर्ज केल्याने खरेदी करायलाच हवी असं बंधन येत नाही.

निवडीचा मेसेज आला की दरपत्रक, सामायिक खातेदारांचं संमतीपत्र, राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि यंत्र असेल तर त्याचा तपासणी अहवाल, असे कागद मुदतीत चढवायचे. छाननी होऊन पूर्वसंमती मिळते. इथं एकच नियम पाठ करावा: पूर्वसंमतीच्या तारखेआधीचं बिल बाद. दुकानदार म्हणतो, 'घेऊन जा, बिल मागाहून तारीख टाकून देतो.' जागेवर येऊन होणाऱ्या मोका तपासणीत जिओ टॅग फोटो, जीएसटी बिलाची तारीख आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद एकमेकांशी जुळली नाही की सगळंच जातं. पैसे रोख देऊ नयेत. आपल्या खात्यातून ऑनलाइन किंवा धनादेशाने द्यावेत.

पोर्टलवरची सगळ्यात भरीव बाब म्हणजे ठिबक. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' मधून अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के, त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे 25 आणि 30 टक्के, म्हणजे एकूण 80 किंवा 75 टक्के. मर्यादा पाच हेक्टरची. ऐकायला झकास आहे, पण हे टक्के बिलावर नसतात. पिकाच्या अंतराप्रमाणे ठरलेला हेक्टरी मापदंड आणि प्रत्यक्ष बिल, यांत जे कमी असेल त्यावर ते मोजतात. समजा मापदंड 1 लाख 10 हजारांचा आहे आणि बिल 1 लाख 30 हजारांचं. अनुदान 88 हजार, खिशातून 42 हजार. म्हणजे 80 टक्क्यांचं अनुदान प्रत्यक्षात 68 टक्क्यांवर आलं. शिवाय सुरुवातीला 1 लाख 30 हजार पूर्णच द्यावे लागतात.

लॅटरलचं, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबक नळ्यांचं, अंतर हीसुद्धा पैशाची गोष्ट आहे. अर्जात जवळचं अंतर लिहिलं आणि शेतात लांबचं टाकलं, तर तपासणीत मीटर मोजून अनुदान नव्याने काढतात. लॅटरलवर आयएस 12786 आणि इनलाइन नळीवर आयएस 13488 ही खूण छापलेली आहे का, ते बंडल सोडण्याआधी बघावं. फिल्टरवर काटकसर करू नये. विहिरीच्या पाण्याला जाळीचा फिल्टर पुरतो, शेततळ्याच्या किंवा कालव्याच्या शेवाळलेल्या पाण्याला सँड फिल्टर लागतो. दरपत्रक स्वस्त दिसावं म्हणून हाच गाळला जातो आणि दुसऱ्या वर्षी ड्रिपर बंद पडतात. त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान सात वर्षांनंतरच, तेव्हा ती चूक सात वर्षं भोगावी लागते.

आणखी एक. बरेच वितरक 'सगळं आम्ही करतो' म्हणून अर्ज स्वतःच भरतात आणि मोबाईल नंबरही स्वतःचा टाकतात. मग पूर्वसंमती, बिल, तपासणी यांतला एकही मेसेज शेतकऱ्याला येत नाही. आता आधारच्या मोबाईलवर ओटीपी येत असल्याने हे थोडं आवरलं, पण ओटीपी फोनवरून सांगण्याची सवय गेलेली नाही. बिलावरची रक्कम आणि दिलेली रक्कम एकच आहे ना, एवढं तरी स्वतः पाहावं.

शेततळ्याचं गणित निराळं आहे. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आलं तेव्हा कमाल 50 हजार मिळत. आता मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत कमाल 75 हजार. तळं 15 बाय 15 पासून 34 बाय 34 मीटरपर्यंत, खोली 3 मीटर. बाजू एकास एक उताराच्या धरल्या तर 15 बाय 15 च्या तळ्यात 441 घनमीटर पाणी मावतं, 30 बाय 30 मध्ये 2,196 आणि 34 बाय 34 मध्ये 2,892. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. लोक अनुदानाचा आकडा मोठा मिळावा म्हणून मोठा आकार निवडतात. पण 34 बाय 34 ला 75 हजार म्हणजे घनमीटरला 26 रुपयेसुद्धा पडत नाहीत. पोकलेनचे तास, माती पसरणं आणि कुंपण धरून वरचे पैसे आपलेच. पाऊस आणि पाणलोट बघून आकार ठरवावा, अनुदानाचा आकडा बघून नव्हे.

खोदाई सुरू करण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्याकडून आखणी करून घ्यायची असते. हे पद 2025 पर्यंत कृषी सहायक या नावाचं होतं, गावात अजून तसंच म्हणतात. आखणीशिवाय केलेलं तळं अनुदानाला बसत नाही. खोदताना कातळ लागला आणि खोली अडीच मीटरवर थांबली, तर मोजमाप पुस्तिकेत तेवढंच काम लागतं आणि रक्कम त्या प्रमाणात कमी होते. म्हणून जागा नक्की करण्याआधी एक चाचणी खड्डा घ्यावा. भारी काळ्या जमिनीत एकास एक उतार टिकत नाही, पहिल्याच पावसात काठ आत बसतात. तिथं दीडास एक ठेवावा आणि त्यामुळे साठा कमी होणार हे धरून चालावं. खोदलेली माती काठाला लागून टाकू नये, किमान मीटरभर पट्टी मोकळी सोडावी, नाहीतर तीच माती परत तळ्यात येते. पाणी आत येतं त्या तोंडाला गाळ अडवणारा छोटा खड्डा नसेल, तर तीन-चार पावसाळ्यांत तळाशी फूटभर गाळ साचतो.

मुरमाड जमिनीत अस्तराशिवाय तळं म्हणजे पाझर तलावच. विहिरीला त्याचा फायदा होतो, पण तळ्यातून उन्हाळी पाणी उपसण्याचा बेत असेल तर 500 मायक्रॉनची फिल्म घालावी लागते. अस्तरीकरण ही पोर्टलवर वेगळी बाब आहे. तिचा अर्ज खोदाईबरोबर आपोआप जात नाही, हे अनेकांना तळं खोदून झाल्यावर कळतं. फिल्मवर आयएस 15351 ची खूण असावी. तळातले टोकदार दगड वेचून मऊ मातीचा थर द्यावा आणि काठावर चर काढून फिल्मची कड त्यात पुरावी. ताणून बसवलेली फिल्म थंडीत आकसून जोडाला उसवते. थोडी सैल टाकावी. आणि कुंपण. अस्तराच्या तळ्यात पडलेल्याला घसरड्या फिल्मवरून वर येता येत नाही. एक जाड गाठी मारलेली दोरी चारही बाजूंनी सोडून ठेवावी. अनुदानात तिचा उल्लेख असो नसो.

फळबागेसाठी दोन वाटा आहेत आणि पोर्टल त्यातला फरक नीट समजावत नाही. जॉबकार्ड असलेल्या, पात्र प्रवर्गातल्या शेतकऱ्याला रोजगार हमीतून लागवड मिळते, ती ग्रामपंचायतीकडून. त्यात न बसणाऱ्यांसाठी 2018 पासूनची भाऊसाहेब फुंडकर योजना, ती महाडीबीटीवर. कोकणात किमान 10 गुंठे, बाकी महाराष्ट्रात 20 गुंठे. अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं येतं, पण दुसऱ्या वर्षी 80 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जिवंत असावी लागतात. नांगी भरणं, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावणं, स्वखर्चाने. पहिल्या उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर हा अर्ज करू नये.

आता खर्चाच्या पैशाचं. अनुदान मागून येणार म्हणून बरेचजण पीक कर्ज ठिबकात घालतात. या सगळ्या व्यवहारातली ही सर्वात महाग चूक. पीक कर्ज तीन लाखांपर्यंत सवलतीच्या 7 टक्क्यांनी मिळतं. वेळेत फेडलं की केंद्राची 3 टक्के सूट, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची आणखी सूट मिळून ते शून्य टक्क्यांवर येतं. अट एवढीच, की 365 दिवसांच्या आत आणि 30 जूनच्या आधी परतफेड व्हायला हवी. ठिबकाचं अनुदान 30 जूनला ओळखत नाही. निधी लांबला तर ते पुढच्या आर्थिक वर्षातही जातं. दोन लाखांच्या कर्जावर मुदत चुकली की वर्षाचे 14 हजार व्याज अंगावर येतं, वर पुढच्या हंगामाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं कर्ज घेणं, अडतं.

ठिबक, पाइपलाइन, शेततळं यांना मध्यम मुदतीचं कर्ज हीच योग्य जागा. त्याला 7 टक्क्यांची सवलत नाही, दर चढा असतो, पण हप्ते तीन ते सात वर्षांत पसरतात आणि अनुदान आलं की ते थेट मुद्दलात भरता येतं. शाखेत जाताना पूर्वसंमतीपत्र आणि दरपत्रक सोबत न्यावं. नुसता 'अर्ज केलाय' असा मेसेज बँकेच्या उपयोगाचा नसतो.

पीक कर्जाची मर्यादाही पूर्ण मागून घ्यावी. किसान क्रेडिट कार्डाचा हिशेब असा असतो: जिल्हा तांत्रिक समितीने ठरवलेला पीकनिहाय कर्जदर गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चापोटी 10 टक्के, शेतीच्या देखभालीपोटी 20 टक्के, आणि पाच वर्षांसाठी दरसाल 10 टक्के वाढ. समजा एकरी दर 60 हजार आणि क्षेत्र दोन एकर. मूळ 1 लाख 20 हजार, त्यात 12 हजार आणि 24 हजार मिळवून पहिल्या वर्षी 1 लाख 56 हजार. दुसऱ्या वर्षी 1 लाख 71 हजार 600. अनेक शाखा फक्त पहिला आकडा मंजूर करून मोकळ्या होतात, कारण कुणी विचारत नाही. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण किंवा जामीन मागता येत नाही. पूर्वी ही मर्यादा 1 लाख 60 हजार होती. गावच्या सोसायटीतून घेणाऱ्यांनी कमाल मर्यादा पत्रकात आपलं पीक आणि क्षेत्र बरोबर लागलंय का, ते हंगामाआधी सचिवाकडे जाऊन बघावं. सोयाबीनच्या दराने ऊस उभा राहत नाही.

पॅकहाऊस, गोदाम, प्रतवारी यंत्र, शीतगृह असं काढणीनंतरचं काही उभारायचं असेल तर महाडीबीटीवर शोधत बसू नये. 2020 पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीचं पोर्टल वेगळं आहे. ते अनुदान देत नाही, व्याजात 3 टक्के सूट देतं: दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर, जास्तीत जास्त सात वर्षं. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के लागतो. वैयक्तिक ठिबक किंवा ट्रॅक्टर यात बसत नाही. बँकेतला अधिकारी गोंधळलेला असेल तर त्याला पोर्टलवरची पात्र प्रकल्पांची यादी दाखवावी. छोट्या प्रक्रिया उद्योगाला, म्हणजे मसाला, पापड, डाळ गिरणी, बेदाणा यांना, पीएमएफएमई योजनेत 35 टक्के आणि कमाल 10 लाख अनुदान कर्जाला जोडून मिळतं, आणि सगळ्या योजनांत तोच मार्ग जास्त सरळ आहे.

सौर पंपासाठी दार महावितरणचं. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. लाभार्थी हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर इथं आणि ठिबकाच्या अर्जातही खोळंबा होतो. ई-पीक पाहणी करताना ती नोंद स्वतःच करून ठेवावी. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आपलं गाव असेल तर त्याचं पोर्टलही स्वतंत्र. दुसरा टप्पा 21 जिल्ह्यांत आहे. एकाच बाबीला दोन्हीकडून लाभ घेता येत नाही, आधार क्रमांकावरून ते लगेच कळतं. ही सगळी दारं एका पानावर दाखवणं महाडीबीटीला अवघड नव्हतं. केंद्राचं मायस्कीम संकेतस्थळ काही प्रश्न विचारून निदान यादी तरी देतं, जरी त्या यादीत तालुक्यात चालू असलेल्या आणि केवळ कागदावर असलेल्या योजना शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. चालू काय आहे हे कळायला शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर कृषी विभाग निवडून या वर्षीचा निधी वितरणाचा निर्णय शोधावा. निधी नाही तर पूर्वसंमतीचा कागदही थांबतो.

शेवटच्या टप्प्याला, पैसे जमा होण्याला, पाचपैकी तीन गुण. रक्कम पासबुकाची प्रत दिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मधे एखाद्या पेमेंट बँकेचं खातं काढलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असतात आणि माणूस कृषी कार्यालयात हेलपाटे घालत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती मिनिटभरात दिसते. थकीत कर्ज असलेल्या खात्यात अनुदान आलं की शाखा होल्ड लावते, असंही घडतं; अशा वेळी लेखी अर्ज शाखेला, प्रत अग्रणी बँक व्यवस्थापकाला आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला, तिन्हींवर पोच घेऊन. आधार जोडणी कर्ज नसलेल्या खात्याला आधीच वळवली तर हा अर्ज लिहावाच लागत नाही. आणि मुदत कर्ज फिटलं की बँकेचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला घेऊन महसूल विभागाच्या ई-हक्क पोर्टलवर सातबाऱ्यावरचा बोजा कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाकावा, कारण पुढच्या कर्जाच्या वेळी बँक आधी सातबाऱ्याचे इतर हक्क वाचते.